निवड आणि निदान : बुद्धिमत्ता चाचण्यांचा आढावा

'बुद्धिमत्ता चाचणी' हे शब्द महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडतात ते शाळेतल्या स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने. आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले, हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. तिथले मूल शिष्यवृत्ती परीक्षेला बसले की बुद्धिमत्ता चाचणी हा विषय त्याच्यापुढे येतो. नवोदय या निवासी विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तोच 'मानसिक क्षमता' या नावाने आणि आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेत 'बौद्धिक क्षमता' या नावाने असतो. पुढे पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण यांच्या जोडीला तो पुन्हा भेटतो. याच गावातले दुसरे एखादे मूल उशिरा बोलायला लागले, वाचन-लेखनात फार मागे पडले, तर त्याची गाठ वेगळ्याच चाचणीशी पडते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मानसशास्त्रज्ञ त्याला एकट्याला समोर बसवून ती घेतो आणि तिचा निकाल बुद्ध्यांकाच्या आकड्यात येतो.

पहिल्या प्रकारच्या चाचण्या निवडीसाठी असतात, दुसऱ्या प्रकारच्या निदानासाठी. दोहोंना बोलताना एकच नाव दिले जाते, पण त्यांची घडण, हेतू आणि मर्यादा निरनिराळ्या आहेत. निवडीच्या परीक्षेतल्या गुणांना मुलाच्या बुद्धीचे माप मानले, किंवा निदानाच्या आकड्याचा उपयोग मुलाला वगळण्यासाठी केला, की गोंधळ सुरू होतो.

बुद्धिमत्ता म्हणजे काय

या प्रश्नाला मानसशास्त्रात सर्वमान्य उत्तर नाही. तरी तर्क करणे, नव्या अडचणीतून वाट काढणे, अनुभवातून शिकणे आणि परिस्थितीशी जुळवून घेणे या चार गोष्टी बहुतेक व्याख्यांत आढळतात. वाद आहे तो या गोष्टी मुळात एकाच क्षमतेची रूपे आहेत की स्वतंत्र क्षमता आहेत, यावर.

चार्ल्स स्पीअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1904 मध्ये एक निरीक्षण मांडले. एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुले सरासरीने इतर विषयांतही चांगले गुण मिळवतात. यावरून सर्व बौद्धिक कामांच्या मुळाशी एक सामान्य घटक असावा, असे अनुमान त्याने काढले. हे निरीक्षण पुढच्या शंभर वर्षांत अनेक देशांत खरे ठरले. त्याचे कारण काय, यावर मात्र एकमत झाले नाही. अमेरिकेत एल. एल. थर्स्टन यांनी 1938 मध्ये एका घटकाऐवजी सात प्राथमिक क्षमता मांडल्या. शब्दज्ञान, शब्दांची ओघवती आठवण, अंकगणित, अवकाशाची जाण, स्मरण, आकलनाचा वेग आणि तर्क, अशा त्या होत. रेमंड कॅटेल यांनी प्रवाही आणि संचित असे दोन भाग केले. नवे कोडे सोडवताना लागते ती प्रवाही बुद्धिमत्ता. शब्दसंपत्ती, माहिती, शिकलेल्या रीती यांतून साठते ती संचित. पहिली तारुण्यानंतर हळूहळू उतरते, दुसरी उतारवयापर्यंत टिकून राहते. जे. पी. गिलफर्ड यांचा आराखडा याहून विस्तृत होता. 1967 च्या मांडणीत त्यांनी 120 स्वतंत्र क्षमता सुचवल्या आणि एकाच अचूक उत्तराकडे नेणाऱ्या विचाराइतकेच अनेक उत्तरे सुचवणाऱ्या विचारालाही स्थान दिले.

हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये संगीत, शरीराच्या हालचाली, इतरांना समजून घेणे अशा क्षमतांनाही बुद्धिमत्तेच्या प्रकारांत घेतले. शिक्षकांना ही मांडणी फार आवडली, परंतु तिला मिळालेला प्रायोगिक आधार तोकडा आहे. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी विश्लेषण, सर्जन आणि व्यवहार असे तीन पैलू मांडले. जे. पी. दास या मूळच्या ओडिशातील मानसशास्त्रज्ञाने नियोजन, अवधान आणि माहितीवर प्रक्रिया करण्याच्या दोन पद्धती यांवर आपली मांडणी उभारली. भारतीय समाजात शहाणपणाच्या कल्पनेत संयम, मोठ्यांचा मान राखणे, प्रसंग ओळखून बोलणे, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हेही गृहीत धरलेले असते, असे दास आणि इतर भारतीय अभ्यासकांनी दाखवले आहे. झटपट उत्तर देणाऱ्याला हुशार म्हणावे की विचार करून बोलणाऱ्याला, याचा कौल समाजासमाजात वेगळा पडतो. वेळ लावून घेतलेल्या चाचणीने मात्र तो आधीच देऊन टाकलेला असतो.

चाचणीचा उगम

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गाबरोबर चालू न शकणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहिला. 1904 मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने त्यासाठी समिती नेमली. तिच्या कामातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची 30 प्रश्नांची चाचणी 1905 मध्ये तयार झाली. 1908 च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले आणि 'मानसिक वय' ही कल्पना रूढ झाली. ज्यांना जादा मदत लागेल ती मुले शोधणे, हा चाचणीचा हेतू होता. बुद्धी जन्मजात ठरलेली असते, तिच्यात वाढ होऊ शकत नाही, हे मत बिनेला मान्य नव्हते. अशा मुलांसाठी अवधान व स्मरण सुधारणारे व्यायामही त्याने तयार केले होते.

1911 मध्ये बिने वारला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली. आठ वर्षांचे मूल दहा वर्षांच्या मुलाचे प्रश्न सोडवत असेल, तर भागाकार 1.25, त्याला शंभरने गुणले की 125 बुद्ध्यांक. लुइस टर्मन यांनी 1916 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात बिनेची चाचणी अमेरिकेसाठी बेतली आणि बुद्ध्यांक हा आकडा घरोघरी पोचला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे 17 लाख जवानांची सामूहिक चाचणी घेतली. तिच्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी 1923 मध्ये वंशावंशांच्या बुद्धीची प्रतवारी लावली. 1930 मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीर केले. मदतीसाठी निघालेले साधन पंचवीस वर्षांच्या आत प्रतवारीचे साधन झाले होते.

भागाकाराची रीत प्रौढांना लागू पडत नाही. चाळीस वर्षांच्या माणसाचे मानसिक वय साठ म्हणण्याला काही अर्थ नसतो. म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी 1939 मध्ये निराळी पद्धत आणली. व्यक्तीची तुलना तिच्याच वयोगटाशी करायची, त्या गटाची सरासरी 100 धरायची आणि प्रमाण विचलन 15. या मोजपट्टीवर सुमारे 68 टक्के लोक 85 ते 115 च्या दरम्यान येतात, सुमारे 95 टक्के 70 ते 130 च्या दरम्यान. 70 च्या खाली साधारण दोन टक्के उरतात.

मराठी मुलांसाठी मोजपट्ट्या

भारतीय मुलांसाठी बिनेची चाचणी बेतण्याचा पहिला मोठा प्रयत्न लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातले सी. हर्बर्ट राइस यांनी 1920 च्या दशकात केला. मराठीसाठी महत्त्वाचे काम त्यानंतरचे, धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांचे. 1930 च्या दशकात त्यांनी स्टॅनफर्ड आवृत्तीच्या आधारे कन्नड आणि मराठी या दोन भाषांत चाचणी तयार केली. त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा इंग्रजी ग्रंथ 1940 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. बिने–कामत या नावाने ती चाचणी आजही रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते.

कामतांनी मुले तपासली ती मुंबई इलाख्याच्या कानडी-मराठी सीमाभागात. आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, मराठी शाळा थोड्या होत्या. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाले आणि 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आखाडा बाळापूरच्या मुलाला बिने–कामत लावली जाते तेव्हा त्याची तुलना मुळात दुसऱ्या मुलखातल्या आणि दुसऱ्या पिढीतल्या मुलांशी होत असते.

दुसरी मोजपट्टी नागपुरातली. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रातले आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या बालचाचणीचे भारतीय रूपांतर केले. 'मिसिक' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी ही चाचणी 1960 च्या दशकातली. तिचे शाब्दिक आणि कृतिप्रधान असे दोन भाग आहेत. त्यामुळे बोलण्यात मागे पण ठोकळे जुळवण्यात पुढे असलेले मूल ओळखता येते. दैनंदिन व्यवहारातली स्वावलंबनाची पातळी मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीचे भारतीय रूपही मालिन यांनीच नागपुरात तयार केले.

न शिकलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न चंद्रमोहन भाटिया यांनी उत्तर प्रदेशात हाती घेतला. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संचात ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, पेटीतल्या चकत्या सरकवून जागेवर आणणे, आकृती काढणे, आकडे लक्षात ठेवणे आणि चित्राचे तुकडे जोडणे अशी पाच कामे आहेत. साक्षर आणि निरक्षर मुलांसाठी त्यांनी तुलनेची मानके वेगळी ठेवली. हातांनी करायच्या, शब्दांची गरज नसलेल्या कामांतही शाळेत गेलेली मुले पुढे राहतात, याची ती कबुलीच होती.

पुण्यात 1962 मध्ये वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. बुद्धिमान मुले निवडायची आणि त्यांना समाजाच्या कामासाठी घडवायचे, हा तिचा हेतू. 1969 मध्ये प्रशाला सुरू झाली. तिथे गिलफर्डच्या आराखड्यावर आधारलेल्या चाचण्या मराठीत तयार करण्याचे काम उषा खिरे यांनी आणि मानसशास्त्र विभागाने दीर्घकाळ केले. एका आकड्याऐवजी क्षमतांचा आलेख काढणे, हे त्या कामाचे वैशिष्ट्य. पुढे संस्थेने ग्रामीण भागातही काम उभे केले. 1993 च्या भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीत सुरू झालेले केंद्र हे मराठवाड्याच्या दृष्टीने त्यातले जवळचे उदाहरण.

निवडीच्या परीक्षा

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा 1950 च्या दशकापासून चालू आहे. अनेक वर्षे ती चौथी व सातवीला होती. 2016-17 पासून पाचवी व आठवीला होऊ लागली. त्या रचनेत दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न आणि 150 गुण. दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेचे 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न. म्हणजे 300 पैकी 100 गुण या एका भागाचे. आठवीला वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही रंगवल्याशिवाय गुण मिळत नसत.

नवोदय विद्यालयांची सुरुवात 1985-86 मध्ये झाली. पहिल्या दोनपैकी एक विद्यालय अमरावतीचे. हिंगोली जिल्ह्याचे नवोदय वसमतला आहे. सहावीच्या 80 जागांसाठी जिल्हाभरातली पाचवीची मुले परीक्षा देतात. प्रश्न 80, गुण 100, वेळ दोन तास. निम्मे गुण मानसिक क्षमतेचे. या भागातले 40 प्रश्न शब्दांविना असतात. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा, अशा स्वरूपाचे. त्यासाठी तास ठेवलेला असतो, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. एनएमएमएसमध्ये बौद्धिक क्षमतेचे 90 आणि शालेय क्षमतेचे 90 प्रश्न असतात; निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

या परीक्षांतून बुद्ध्यांक निघत नाही, काढायचाही नसतो. जागा ठरावीक आणि उमेदवार पुष्कळ, अशा वेळी क्रम लावण्याचे ते साधन आहे. 80 वा मुलगा आणि 81 वी मुलगी यांच्यात एका प्रश्नाचे अंतर असू शकते. पण एकाला सात वर्षे निवासी शाळा मिळते आणि दुसरीला नाही. शासनाच्या नियमांतच गुणांवरचा एक अविश्वास दडलेला आहे. नवोदयमध्ये किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी असतात. शिष्यवृत्तीच्या ग्रामीण व शहरी याद्या वेगळ्या लागतात. सारख्या गुणांमागे सारखी संधी नसते, हे त्यातून मान्य केलेले आहे.

प्रश्नांकडे जवळून पाहिले की ते का, हे कळते. 'गटात न बसणारा शब्द ओळखा : ज्वारी, गहू, हळद, हरभरा' असा प्रश्न समजा. अपेक्षित उत्तर हळद, कारण बाकीची धान्ये आणि हळद हा कंद. पण हिंगोली हा हळदीचा जिल्हा. जूनमध्ये लावलेली हळद निघायला आठ-नऊ महिने लागतात, मग ती शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. शेतकऱ्याच्या घरातले मूल या सगळ्या कारणांनीही हळद वेगळी काढेल. किंवा ते हरभरा वेगळा काढेल, कारण त्याची डाळ होते, बाकीच्यांची होत नाही. हरभऱ्याचे उत्तर तर्काला धरून आहे, पण त्याला गुण शून्य. उलट चुकीच्या कारणाने हळद निवडणाऱ्याला पूर्ण गुण. पर्याय रंगवण्याच्या परीक्षेत कारण विचारले जात नाही.

नातेसंबंधांच्या प्रश्नांतही असेच होते. 'आईच्या भावाची मुलगी कोण?' याचे अपेक्षित उत्तर मामेबहीण. मामाच्या मुलीशी लग्न होण्याची रीत मराठवाड्यात अनेक समाजांत आहे; तिथे मामा हाच सासरा असतो आणि एका व्यक्तीला दोन नाती लागतात. वंशवृक्षाची चौकट धरून केलेले कोडे अशा घरातल्या मुलाला अधिक गुंतागुंतीचे वाटते. त्याला नाती कमी नव्हे, जास्त माहीत असतात.

अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1931-32 मध्ये उझबेकिस्तानात केलेल्या पाहणीत हीच गोष्ट आढळली. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळे काय, असे विचारल्यावर न शिकलेले शेतकरी ओंडका बाजूला काढायला तयार नव्हते. ओंडक्याशिवाय करवतीचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे. वस्तूंची जात पाहून वर्गवारी करणे ही शाळेची रीत आहे. कामावरून वर्गवारी करणे ही व्यवहाराची. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' नियतकालिकात आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास. भाजीचे अवघड हिशेब तोंडी आणि अचूक करणारी मुले त्याच कठीणपणाची शाळेतली गणिते कागदावर सोडवू शकली नाहीत. शाळेत जाणारी, पण बाजारात न बसणारी मुले याच्या नेमकी उलट. आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात आईबापाशेजारी बसून भाजी तोलणाऱ्या मुलालाही हे लागू पडावे. कोणत्या हिशेबाला 'बुद्धी' म्हणायचे, हे प्रश्नपत्रिका काढणारा ठरवतो.

आकड्याचा अर्थ आणि त्याची खात्री

निदानाच्या चाचण्या याहून काळजीपूर्वक घडवलेल्या असतात. त्यांच्या बाजूनेही भक्कम पुरावा आहे. स्कॉटलंडमध्ये 1 जून 1932 रोजी 1921 साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची, सुमारे 87,000 जणांची, एकच चाचणी घेतली गेली. त्यांतल्या काहींना इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी वयाच्या 77 व्या वर्षी तीच चाचणी पुन्हा दिली. दोन्ही वेळच्या गुणांत लक्षणीय सातत्य आढळले. चाचण्यांचे गुण आणि शाळेतले यश यांचा सहसंबंध साधारण 0.5 च्या आसपास येतो. मानसशास्त्रात हा आकडा मोठा मानला जातो. पण 0.5 चा वर्ग 0.25. याचा अर्थ मुलांच्या शालेय यशातल्या फरकाचा चौथा हिस्साच चाचणीशी जोडता येतो. बाकीच्या तीन हिश्शांत घर, शिक्षक, चिकाटी, आरोग्य, भाषा, नशीब असे सारे येते.

प्रत्येक आकड्याभोवती चुकीची एक पट्टी असते. चाचणीची विश्वसनीयता 0.90 असेल आणि प्रमाण विचलन 15, तर मापनाची प्रमाण त्रुटी साधारण 4.7 येते. 83 बुद्ध्यांक आलेल्या मुलाचे खरे माप 74 ते 92 च्या दरम्यान असावे, एवढेच 95 टक्के खात्रीने म्हणता येते. 83 आणि 87 यांत फरक आहे असे अशा चाचणीवरून सांगता येत नाही. प्रमाणपत्राच्या नियमांत मात्र रेषा एका ठरावीक आकड्यावर आखलेली असते.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांतल्या बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत बौद्धिक कामकाज आणि दैनंदिन जीवनातले अनुकूलन या दोन्हींतल्या मर्यादा अपेक्षित आहेत. एकटा बुद्ध्यांक त्याला पुरेसा नाही. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत टक्केवारी ठरवण्यासाठी व्हाइनलँड मापनीचा आधार घेतला होता. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून सामान आणते का, असे प्रश्न त्यात पालकांना विचारतात. विशिष्ट अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमण्यासाठी, त्याच सूचनांत आधी मिसिक किंवा वेक्सलर चाचणी घेऊन बुद्ध्यांक 85 पेक्षा जास्त असल्याची खात्री करायला सांगितले होते. 83 आलेले मूल त्या टप्प्यावरच अडत असे, आणि त्या 83 ची किंमत काय हे वर पाहिलेच.

आकडा कशाने बदलतो

पहिले कारण काळ. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवले की अमेरिकेत दर दहा वर्षांनी सरासरी गुण सुमारे तीन अंकांनी वाढत गेले. पुढे अनेक देशांत हीच वाढ दिसली; शब्दांविना आकृत्यांच्या कोड्यांत ती सर्वाधिक. शाळा, आहार, लहान कुटुंबे, चित्रे व चिन्हे यांनी भरलेले जग, अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. आनुवंशिकता इतक्या झपाट्याने बदलत नाही. मानके जुनी राहिली की आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो. त्यामुळे मदतीची खरोखर गरज असलेले मूल रेषेच्या वर जाऊन वगळले जाऊ शकते.

दुसरे कारण शाळा. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की शिक्षणाचे प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यांकात एक ते पाच अंकांची भर घालते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतली मुले दिवाळीनंतर गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. शिष्यवृत्ती परीक्षा बहुतेक वर्षी फेब्रुवारीत असते. त्या मुलांची परीक्षा तर चुकतेच, शिवाय शाळेतून वाढणारे गुणही वाढायचे राहतात. त्यांच्या बाबतीत चूक खालच्या बाजूची होते. जुन्या मानकांनी आकडा वर जातो, तुटलेल्या शाळेने खाली. दोन्ही चुका एकमेकींना नेमक्या रद्द करतील, अशी खात्री देता येत नाही.

तिसरे कारण भाषा. शिष्यवृत्ती परीक्षेला मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, कन्नड अशी माध्यमे आहेत. बंजारा तांड्यावरच्या घरांत बोलली जाणारी गोरमाटी त्यांत नाही. मराठीतल्या चाचण्यांतही पुस्तकी बोली असते. सूचनाच न कळल्यामुळे गेलेला गुण आणि कोडे न सुटल्यामुळे गेलेला गुण उत्तरपत्रिकेवर सारखाच दिसतो.

चौथे सराव. सकाळचे जादा तास, मार्गदर्शिका, सराव प्रश्नसंच यांनी आकृत्यांची कोडी सवयीची होतात. घडीच्या कागदाचे पन्नास नमुने सोडवलेल्या मुलाला एकावन्नावा नवा राहत नाही. त्याचे श्रम खरे असतात, पण चाचणी आता नवी अडचण सोडवण्याची ताकद मोजत नाही, तयारी मोजते. जिथे शिक्षक असे वर्ग घेतो त्या शाळेची मुले यादीत दिसतात.

पाचवे कारण बसल्या जागेचा ताण. उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांकडून कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी कागदावरचे चक्रव्यूह सोडवून घेतले. हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च आणि दलित जातींच्या मुलांची कामगिरी सारखीच होती. सर्वांदेखत नाव आणि जात उच्चारली गेली, की दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच होती आणि मुलेही त्याच पात्रतेची.

वारसा आणि परिस्थिती

जुळ्यांच्या अभ्यासांवरून बुद्ध्यांकातल्या फरकाचा बराच भाग आनुवंशिक असल्याचे दिसते, आणि प्रौढ वयात तो वाढतो. त्यावरून गटागटांतला फरकही आनुवंशिक, असा निष्कर्ष काढण्याची चूक वारंवार झाली आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1970 मध्ये ती बियाण्याच्या दाखल्याने उघड केली. एकाच पिशवीतले मिसळीचे बियाणे अर्धे काळ्या कसदार जमिनीत आणि अर्धे मुरमाड माळावर पेरले, तर एकेका वावरातल्या झाडांच्या उंचीतला फरक बियाण्याचा, पण दोन वावरांतला फरक जमिनीचा असतो. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांना 2003 मध्ये अमेरिकेत आढळले, की संपन्न घरांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा येतो आणि गरीब घरांत तो फारच कमी होतो. वाढीला मोकळीक नसेल तिथे जन्मजात फरक दिसूच शकत नाहीत. गरोदरपणातली आयोडीनची कमतरता, बालवयातले कुपोषण, रक्तातले शिसे यांनी बुद्धीच्या वाढीला धक्का पोचतो, हे पक्के झाले आहे. त्यांवरचे उपाय आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत आहेत.

चाचणी कशी वापरावी

एका बैठकीतल्या आकड्यावर अवलंबून न राहण्याच्या काही पद्धती रूढ झाल्या आहेत. लेव्ह व्हिगोत्स्कीच्या विचारांतून आणि पुढे इस्रायलमध्ये रूव्हेन फॉयरस्टाइन यांच्या कामातून गतिशील मूल्यमापन पुढे आले. त्यात आधी चाचणी, मग थोडे शिकवणे, मग पुन्हा चाचणी असा क्रम असतो. पहिल्या गुणांपेक्षा दोन्हींमधली वाढ पाहायची. शाळा तुटलेल्या मुलासाठी ही पद्धत अधिक न्याय्य ठरते. मात्र तिला वेळ आणि प्रशिक्षित माणूस लागतो. निदानाच्या चाचणीत शाब्दिक आणि कृतिप्रधान भागांचे गुण वेगवेगळे वाचणे, त्रुटीची पट्टी अहवालात लिहिणे, मुलाच्या घरच्या भाषेत सूचना देणे, घरचा आणि शिक्षकाचा अनुभव जोडणे आणि काही वर्षांनी फेरतपासणी करणे, हे चांगल्या कामाचे किमान नियम आहेत. त्यांच्या मुळाशी महाराष्ट्राच्या सर्व विभागांतल्या मुलांवर ताजी मानके काढण्याची गरज उभी आहे.

निवडीच्या परीक्षा बंद करून प्रश्न सुटत नाही. शिफारस आणि ओळखीपेक्षा लेखी परीक्षा गरीब मुलाला अधिक संधी देते. वसमतच्या नवोदयचा दरवाजा खेड्यातल्या मुलाला त्याच वाटेने उघडतो. पण तिच्या निकालाचा अर्थ मर्यादित आहे. यादीत आलेल्या मुलाने त्या दिवशी, त्या भाषेत, त्या प्रकारचे प्रश्न वेळेत सोडवले, हे तिच्यावरून कळते. यादीत न आलेल्यांबद्दल तिच्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही, आणि न बसलेल्यांबद्दल तर मुळीच नाही. निदानाच्या चाचणीचे गणित उलटे आहे. तिचा आकडा त्या एका मुलाला पुढे कोणती मदत द्यायची हे ठरवण्यासाठी आहे. मदत मिळाली नाही तर तो काढण्याला प्रयोजन उरत नाही. बिनेने 1905 मध्ये चाचणी तयार केली ती याच कारणासाठी, आणि तिच्या उपयोगाचा निकषही तोच राहतो.